उतारावर खळखळणारं इंजिन: टायमिंग चेनचं किट दोनदा बदलूनही आवाज परत का येत होता

मी वाईला राहतो आणि कामाला रोज पाचगणीला जातो. म्हणजे सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. गाडी शंभर सीसीची, आडव्या सिलिंडरची, साधी एअर-कूल्ड, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता तिच्या इंजिनातून खळखळ ऐकू येऊ लागली. पत्र्याच्या डब्यात सायकलची जुनी चेन टाकून डबा हलवावा, तसा आवाज. सकाळी पहिली किक मारली की चार-पाच सेकंद, मग बंद. आणि संध्याकाळी घाट उतरताना रेस पूर्ण सोडून गाडी तिसऱ्या गिअरवर धरली की पुन्हा सुरू, थेट पायथ्यापर्यंत.

या एका आवाजावर मी वर्षभरात तीन वेळा खर्च केला. तिन्ही वेळा गाडी गॅरेजमधून शांत होऊन आली आणि तिन्ही वेळा आवाज परत आला. चौथ्या वेळी जे सापडलं ते टायमिंग चेनमध्ये, म्हणजे क्रँकवरून वाल्व उघडणारा कॅम फिरवणाऱ्या इंजिनातल्या चेनमध्ये, नव्हतंच. ते क्लच कव्हरच्या मागे, तळहातापेक्षाही लहान अशा एका जाळीत अडकलं होतं. काम केलं की आवाज जातो आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येतो, असं ज्यांच्या गाडीचं चाललंय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय. तुमची गाडी याच घडणीची असेल तर बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडेल. उभ्या सिलिंडरची, १५० सीसीची वगैरे असेल तर ही चेन ताणून धरणारा टेन्शनर वेगळा असेल, पण आवाज ओळखायची रीत तीच.

आधी काय काय केलं

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी डबल स्टँडवर लावून रेस दिली, "टॅपेट वाजतायत" म्हणाले, आणि दहा मिनिटांत टॅपेट कसून दिले. आवाज खरंच कमी झाला. आठवडाभरात खळखळ पुन्हा आली आणि जोडीला नवं दुखणं आलं. एका किकला सुरू होणारी गाडी सकाळी सहा-सात किका मागू लागली.

टॅपेटबद्दल इथेच बोलून घेतो, कारण आवाज बंद करायचा हा सगळ्यात सोपा आणि पुढे सगळ्यात महाग पडणारा मार्ग आहे. रॉकर (वाल्व दाबणारा हात) आणि वाल्वची दांडी यांच्यात मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते, ती टॅपेटने कमीजास्त होते. शंभर सीसीच्या गाड्यांत ती साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहायचा, शेजारच्या गाडीचा घ्यायचा नाही. ही फट मारून टाकली तर वाल्व आपल्या सीटवर पुरता बसत नाही. एक्झॉस्ट वाल्वची बरीचशी उष्णता तो सीटला टेकतो तेव्हाच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सकाळच्या सहा-सात किका ही त्याची पहिली सूचना होती.

म्हणून हलकी, एकसारखी टिकटिक करणारा टॅपेट मला चालतो, अगदी मुका झालेला चालत नाही. फट फिलर गेजच्या पातीने मोजायची, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, इंजिन पूर्ण गार असताना. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडावी, हे उत्तम. कानाने टॅपेट लावणारे जुने मिस्त्री आहेत, त्यांचा हात बसलेला असतो, मी नाकारत नाही. पण तापलेल्या इंजिनावर, घाईत, गिऱ्हाइकाला आवाज ऐकू येऊ नये एवढ्यासाठी कसलेला टॅपेट कुणाकडूनही घेऊ नका.

दुसऱ्या गॅरेजमध्ये टॅपेट गेजने नीट लावले गेले, किका कमी झाल्या. त्यांनी हेडच्या डाव्या बाजूला कान देऊन टायमिंग चेन सांगितली आणि पूर्ण किट बदललं: चेन, रबरी रोलर, गाईड स्प्रॉकेट, टेन्शनरचा पुशरॉड, त्याची स्प्रिंग. निदान चूक नव्हतं. जुना रोलर मी हातात घेऊन पाहिला, रबर कडेने कुरतडल्यासारखं झालं होतं आणि त्याचा बराचसा भाग जागेवर नव्हताच. गाडी चार महिने शांत चालली. मग खळखळ परत. "पहिलं किट डुप्लिकेट लागलं असेल," असं म्हणून त्यांनी दुसरं किट टाकलं, पाकीट माझ्यासमोर फोडलं, मजुरीही कमी घेतली. ते सहा आठवडे टिकलं.

रोलरचं जे रबर जागेवर नव्हतं ते गेलं कुठे, हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता.

"चढाला का उताराला?"

मग एका सहकाऱ्याने वाईबाहेरच्या एका शेडचा पत्ता दिला. मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी गाडी स्टँडला लावून किक मारायला गेलो तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मामा, इंजिनातनं आवाज येतोय."

"कवा येतोय? चढाला का उताराला?"

"उताराला. रेस सोडली की."

"आन् सकाळी गार असताना?"

"किक मारल्यावर पाचेक सेकंद. मग जातो."

"क्लच दाबल्यावर फरक पडतोय काय?"

"नाही."

"ऑईल कवा बघितलंस?"

"दोन महिन्यांपूर्वी बदललंय, मामा."

"बदललं ते न्हवं. बघितलं कवा?"

ऑईल बदलण्यापलीकडे मी काडी कधी ओढून पाहिलेली नव्हती. त्यांनी गाडी सपाट जागेवर घेतली, काडी पुसून टेकवली, आणि ऑईल खालच्या खुणेच्याही खाली निघालं.

त्यांचे हे चार प्रश्न मी नंतर बऱ्याच जणांच्या गाड्यांना लावून पाहिले. गाडीला हात न लावता अर्ध निदान त्यातच होतं, म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

चढावर, रेस पिळलेली असताना, इंजिनावर भार असतो. पिस्टन, त्याची पिन, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग यांचे आवाज भाराबरोबर वाढतात. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, गाडी कुंथत असताना बारीक खड्यांसारखी कडकड आली तर ती डिटोनेशनची, म्हणजे आतलं जळण अवेळी भडकल्याची. तिथे कार्बन, इग्निशनचं टायमिंग किंवा पेट्रोल पाहायचं आणि सगळ्यात आधी स्वतः एक गिअर खाली टाकायचा. उतारावर, रेस सोडल्यावर, भार निघून जातो, जळणाचा आवाज बसतो आणि सैल चेन उघडी पडते. टायमिंग चेन म्हणूनच मोकळ्या रेसला, मधल्या फेऱ्यांवर जास्त ओरडते.

गार असतानाचा आवाज दोन तऱ्हांचा. पिस्टन ब्लॉकमध्ये सैल झाला असेल तर सुरुवातीला बोदा टकटक आवाज येतो, तो इंजिन तापेल तसा दोन-चार मिनिटांत विरत जातो, कारण पिस्टन फुगून आपली जागा भरून काढतो. मोजून चार-पाच सेकंदांत एकदम तुटणारा आवाज म्हणजे बहुधा कुठेतरी ऑईल पोहोचायची वाट पाहिली जातेय. या दोन्हींत फरक करायला घड्याळ पुरतं.

क्लचचा प्रश्न उजव्या बाजूसाठी. न्यूट्रलला, स्लोवर गाडी खडखडतेय आणि क्लचची मूठ दाबली की आवाज बदलतो किंवा थांबतो, तर क्लच हाऊसिंगमधल्या स्प्रिंगा किंवा तिथलं बेअरिंग पाहा. टायमिंग चेनला क्लचचं काही घेणंदेणं नाही, म्हणून तिचा आवाज मूठ दाबली तरी तसाच राहतो.

चौथा प्रश्न ऑईलचा. त्याचं उत्तर पुढे येतंच.

कान कुठे लावायचा

लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक इंजिनावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. किंवा पेट्रोलच्या पाइपसारखी हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं इंजिनाजवळ. नळी मला जास्त आवडते, कारण तिने जागा नेमकी सापडते आणि हात सायलेन्सरला भाजत नाही. बाह्या वर करा, गळ्यातला गमछा काढून ठेवा, चेन सॉकेटपासून हात लांब.

आधी दोन्ही टॅपेट कॅप ऐका, मग हेडची डावी बाजू जिथे गोल कव्हर आहे ती, मग ब्लॉक, मॅग्नेटचं (वीज तयार करणाऱ्या चाकाचं) कव्हर, शेवटी उजवीकडचं क्लच कव्हर. माझ्या गाडीत आवाज हेडच्या डाव्या बाजूपासून मॅग्नेट कव्हरच्या वरच्या कडेपर्यंत एका पट्ट्यात येत होता. टायमिंग चेन नेमकी त्याच पट्ट्यात असते.

वेगही ओळखता येतो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. स्लो १४०० फेऱ्यांवर असेल तर क्रँक सेकंदाला तेवीसेक फेरे मारतो आणि कॅम अकरा-बारा. त्यामुळे एका टॅपेटची टिकटिक सुटी सुटी, मोजता येईलशी वाटते आणि क्रँकच्या बाजूचा ठोका त्याच्या दुप्पट दाट असतो. मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करून सावकाश वेगाने ऐकला तर हा फरक कानाला अजून सोपा जातो. मी तसं करून मामांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी नळी लावलीच.

जाळी

मामांनी इंजिन लगेच खोललं नाही. एक टॅपेट कॅप काढली, गाडी चालू केली आणि स्लोवर ठेवून मला आत बघायला सांगितलं. निरोगी गाडीत तिथे काही क्षणांत ऑईल दिसू लागतं, रॉकर ओलाचिंब होतो, थेंब बाहेर उडतात, म्हणून खाली फडकं धरावं लागतं. माझ्या गाडीत रॉकर नुसता तेलकट दिसत होता. ऑईल भरून पातळी बरोबर केल्यावरही फार फरक पडला नाही. हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. ऑईल कमी होतं म्हणून वर येत नसेल तर भरल्यावर यायला पाहिजे. भरूनही येत नाही, म्हणजे वाटेत अडलंय.

मग ऑईल काढलं, किक काढली, उजवं कव्हर उघडलं. क्रँककेसच्या तळाशी एका खाचेत उभी सरकवलेली तारेची जाळी असते. पंप ऑईल ओढतो ते तिच्यातून. ती बाहेर काढली तेव्हा तिचा दोन तृतीयांश भाग काळ्या कपच्यांनी बुजलेला होता. मामांनी एक कपची बोटांत चुरडली, ती रबरासारखी वाकली.

"रोलरचं रबर. जाईल कुठं? हितंच पडणार."

त्याच कव्हरमागे क्रँकवर बसवलेलं सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतं, म्हणजे फिरणाऱ्या वाटीसारखं एक भांडं. ऑईलमधला जड गाळ फिरण्याच्या जोराने त्याच्या कडेला चिकटून बसतो. तिथे राखाडी, साबणाच्या वडीसारखा घट्ट थर होता. गाडी घेतल्यापासून ते भांडं आणि ती जाळी एकदाही साफ झालेली नसावी. गाडीच्या पुस्तिकेत दोन्हींच्या सफाईचे टप्पे दिलेले आहेत, मी नंतर वाचले. पण त्यासाठी क्लच कव्हर उघडावं लागतं, नवं पॅकिंग लागतं, तासभर जातो, म्हणून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये हे राहून जातं. गिऱ्हाईकही मागत नाही.

आता हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय ते. क्रँकवरच्या छोट्या स्प्रॉकेटवरून चेन हेडमधल्या कॅमपर्यंत जाते. कॅमचा उंचवटा वाल्व दाबत असतो तोवर चेनला ओढ लागते. उंचवटा ओलांडला की वाल्वची स्प्रिंगच कॅमला पुढे ढकलते आणि चेन क्षणभर ढिली पडते. ही ओढ आणि ढील सेकंदाला कितीतरी वेळा चालू असते. ढील गिळून टाकायला टेन्शनर आहे. या घडणीत त्याचा पुशरॉड खालून वर रेटतो, त्याच्या टोकाने टेन्शनरचा हात ढकलला जातो आणि हातावरचा रबरी रोलर चेनला दाबून धरतो. रॉड ज्या भोकात सरकतो तिथे ऑईल असायला हवं. स्प्रिंग रॉडला वर रेटते आणि ऑईल त्याला झटक्याने मागे येऊ देत नाही, शॉकॲब्सॉर्बरमध्ये असतं तसं. भोक कोरडं असेल तर रॉड नुसता स्प्रिंगवर नाचतो आणि चेन भिंतींवर आपटते.

हेडपर्यंत चढलेलं ऑईल परत येतं ते चेनच्या बोगद्यातूनच, चेन, रोलर आणि टेन्शनर भिजवत. म्हणजे वर कमी गेलं की खालीही कमी आलं. त्यात या इंजिनांत ऑईलपंपसुद्धा याच चेनवर चालतो. खालच्या गाईड स्प्रॉकेटची दांडी क्रँककेसच्या आरपार उजवीकडे जाते आणि पंप फिरवते. माझ्या गाडीत घडलं ते असं: जुना रोलर झिजला, रबर जाळीत गेलं, जाळी बुजली, ऑईल घटलं, नवा रोलर कोरडा चालला, तो आधीच्यापेक्षा लवकर कुरतडला गेला, त्याचंही रबर जाळीत. पहिलं किट चार महिने टिकलं आणि दुसरं सहा आठवडे, त्याचं कारण हे. किट डुप्लिकेट असण्या-नसण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

पातळी खाली जाण्यात घाटाचाही हात होता. लांब उतारावर रेस बंद ठेवून गाडी गिअरवर धरली की सिलिंडरमध्ये ओढ वाढते आणि झिजलेल्या रिंगा किंवा वाल्व सीलमधून थोडं थोडं ऑईल आत खेचलं जातं. पायथ्याला पुन्हा रेस दिली की मागे निळसर धूर दिसत असेल तर वाल्व सील पाहून घ्या. माझ्या गाडीला धूर दिसण्याइतकं नाही, पण महिन्याला थोडं भरावं लागतं. पण तेवढं ऑईल वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापून सुटले तर वळणावर हातात काही उरत नाही. ऑईल भरणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

काम कसं केलं

जाळी रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने साफ केली, उजेडासमोर धरून एकेक भोक मोकळं झाल्याचं पाहिलं. सेंट्रिफ्यूगल फिल्टरच्या झाकणाचे स्क्रू हट्टी असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची तोंडं जातात, हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. गाळ खरवडताना तो ऑईलच्या भोकात जाऊ नये म्हणून मामांनी आधी भोकात कापसाचा बोळा घातला आणि शेवटी तो काढल्याचं दोनदा तपासलं. ऑईलपंप उघडून पाहिला, त्याच्या फिरक्यांवर ओरखडे नव्हते.

मग डावी बाजू. टेन्शनरचा रॉड खालच्या बोल्टमधून काढला. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून पाहिली तर उंचीला बरोबर होती, तीच ठेवली. रोलर मात्र तिसऱ्यांदा बदलावा लागला. रॉड बसवण्याआधी भोक पुसलं आणि बसवताना त्यात ताजं ऑईल घातलं. आधीच्या दोन्ही वेळी रॉड कोरडाच बसवला गेला असावा, असं मामांचं म्हणणं. मी तिथे उभा नव्हतो, त्यामुळे खात्रीने सांगू शकत नाही.

चेन हेडवर पुन्हा चढवताना खुणांची काळजी घ्या, मग काम तुम्ही करा किंवा कुणी करताना उभे राहा. मॅग्नेटवरची 'टी' खूण बाहेरच्या खुणेशी आणि कॅम स्प्रॉकेटवरचा गोल हेडवरच्या खाचेशी, दोन्ही एकाच वेळी जुळले पाहिजेत. मॅग्नेट फिरवायचा तो डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने. बोल्ट कसल्यावर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. एक दात इकडेतिकडे झाला तरी गाडी सुरू होते आणि फसवते. पिकअप मेलेला, सायलेन्सर तापलेला, आणि कार्ब्युरेटर उघडण्यात दोन दिवस जातात.

उजव्या कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात कसला की केसच फुटते. पॅकिंग नवंच घ्यायचं. जुन्यावर शेलॅक लावून भागवलं तर जादा शेलॅक आत गळतं आणि पुन्हा त्याच जाळीत जाऊन बसतं. शेवटी क्लचची ॲडजस्टमेंट करायची.

ऑईल भरल्यावर चावी बंद ठेवून पंधरा-वीस किका मारल्या, मग टॅपेट कॅप उघडी ठेवून गाडी चालू केली. या वेळी रॉकर लगेच भिजला आणि मामांच्या हातातलं फडकंही. ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं, १०डब्ल्यू-३०, डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीचं मानक) लिहिलेलं. कारचं ऑईल घालू नका, त्यातल्या घसरण वाढवणाऱ्या द्रव्यांनी मोटारसायकलचा ओला, म्हणजे इंजिनच्याच ऑईलमध्ये चालणारा, क्लच सरकू शकतो. आवाज दाबायला जाड ऑईल घाला, असाही सल्ला मला मिळाला होता. जाड ऑईल सकाळच्या गारव्यात वर पोहोचायला अजून उशीर करतं. माझ्या गाडीचं दुखणंच उशिराचं होतं.

नवं पॅकिंग, रोलर, ऑईल आणि मजुरी मिळून खर्च आधीच्या एका किटच्या कामापेक्षा कमी आला.

इंजिनाचे वाटणारे पण इंजिनाचे नसलेले आवाज

इंजिन उघडण्याआधी हे झटपट पाहून घ्या, यात अर्धा तासही जात नाही. सायलेन्सर जिथे हेडला जोडतो तिथलं पॅकिंग गेलं की हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. जोडाभोवती काळी काजळी दिसते, आणि गार इंजिनावर सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं धरलं की जोडापाशी फुसफुस वाढते. सायलेन्सरच्या पत्र्याचं कव्हर, नंबर प्लेट, टाकीखालचं सुटलेलं रबर, इंजिन फाउंडेशनचे ढिले बोल्ट, हे सगळे ठराविक फेऱ्यांवरच थरथरतात. एकेक हाताने दाबून पाहा. आवाज गाडी पळतानाच येत असेल आणि स्टँडवर रेस देऊन येत नसेल तर मागची चेन आणि सॉकेट पाहा. चेनची ढील साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवतात, आणि ती चाक फिरवून तीन-चार जागी मोजायची, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असते.

एका आवाजाला मात्र थांबून ऐकत बसू नका. खालून, क्रँकच्या बाजूने, जड ठक-ठक येत असेल आणि रेस दिली की वाढत असेल तर गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून न्या. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग सुटलं असेल तर पुढचे दहा किलोमीटर क्रँक, ब्लॉक आणि केस सगळं घेऊन जातील.

त्यानंतर

५०० किलोमीटरला ऑईल पुन्हा काढलं, आत राहिलेला गाळ निघून जावा म्हणून. काढलेलं ऑईल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात घेऊन उन्हात पाहिलं आणि त्यात चुंबक फिरवला. काळ्या रबराचे पाच-सहा तुकडे होते, चुंबकाला नुसती बारीक राखाडी साय लागली, चमचमणारे कण नव्हते. दुसऱ्या वेळी रबर अजिबात नव्हतं.

आवाज शंभर टक्के गेला असं म्हणणार नाही. कमी ऑईलवर चाललेल्या महिन्यांनी कॅमच्या एका उंचवट्यावर बारीक रेघ उमटवली आहे, ती नखाला लागते. त्यामुळे एक हलकी टिकटिक राहिली आहे. ती टॅपेटची आहे, फट गेजने बरोबर आहे, आणि मी ती कसायला देत नाही.

काडी आता दर रविवारी सकाळी पाहतो. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर, इंजिन थोडं चालवून बंद करून काही मिनिटं थांबायचं, काडी पुसायची. माझ्या गाडीत आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, फिरवून बसवली तर पातळी चुकीची दिसते. या कामाला आता चौदा महिने झाले. घाटाचे दोन पावसाळे गेले, सकाळच्या किकनंतरची खळखळ परत आलेली नाही. जाळी पुन्हा या दिवाळीनंतर उघडायची आहे, मामांनी पॅकिंग आधीच आणून ठेवलंय.